कुंडीत असो की कपाशीत, कलम एकच : ‘घरच्यापुरता गांजा चालतो’ हा गैरसमज कुणाला महागात पडतो?

कपाशी कमरेला लागली, तूर डोक्यावर गेली की सातपुड्याच्या पायथ्याकडून एक ठरावीक बातमी येते. शिरपूर तालुक्यात गांजाची शेती उद्ध्वस्त. सोबत ठरलेला फोटो : उपटलेल्या हिरव्या झाडांचा ढीग, मागे उभे पोलीस कर्मचारी आणि बाजूला खाली मान घालून बसलेला एखादा शेतकरी किंवा मजूर. बातमी दोन दिवस फिरते. पुढच्या हंगामात गाव बदलतं, फोटो तोच राहतो.

गेल्या काही वर्षांत या जुन्या गोष्टीला नवी जोड मिळाली आहे. मोबाइलवर ‘घरच्या घरी कुंडीत गांजा कसा लावावा’ असे व्हिडिओ सर्रास दिसतात. बघणारी पोरं कॉलेजातली असतात, तशी शेतात राबणारीही असतात. मग पारावर चर्चा होते ती अशी :

‘नाना, एक-दोन झाडांना काय होतं? घरच्यापुरतं चालतं म्हणे. किलोपर्यंत माफ आहे.’

‘अरे भाऊ, तो व्हिडिओ कुठला आणि तू राहतो कुठं? केस झाली तर वकील तो व्हिडिओवाला देणार आहे का?’

नानांचा प्रश्न बरोबर आहे. भारतात घरच्यापुरती गांजा लागवड नावाची कोणतीही सवलत नाही. एक रोप नाही, अर्धं नाही. तरीही ती आहे असं वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हा गैरसमज चार-पाच खऱ्या, पण अर्धवट माहितीच्या तुकड्यांतून तयार झाला आहे. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ज्याच्या ताब्यात जमीन किंवा कुंडी असते तोच मोजतो.

कायदा नेमकं काय म्हणतो

१९८५ चा अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, म्हणजे सगळे ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात तो, या बाबतीत अगदी सरळ आहे. कलम ८ नुसार कॅनॅबिसच्या कुठल्याही झाडाची लागवड करायला बंदी आहे. अपवाद फक्त वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणाचा, तोही सरकारने घालून दिलेल्या रीतीने आणि परवान्यानेच. कॅनॅबिसचं झाड म्हणजे काय, तर त्या वंशातलं कोणतंही झाड. नर असो, मादी असो, फुलोरा आलेला असो वा नसो.

शिक्षा कलम २० (अ) मध्ये आहे. लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. या कलमात झाडांची संख्या लिहिलेली नाही. जागाही लिहिलेली नाही. गच्चीवरची कुंडी, गोठ्यामागचा उकिरडा, परसबाग, उसाच्या सरी किंवा वनजमिनीवरचा तुकडा, सगळ्यांना तेच कलम लागतं.

किमान शिक्षा ठरलेली नसल्याने एका कुंडीसाठी आणि अर्ध्या एकरासाठी न्यायाधीश वेगवेगळी शिक्षा देऊ शकतात, हे खरं. पण ती वेळ खटल्याच्या शेवटी येते. त्याआधी गुन्हा दाखल होणं, अटक, कोठडी, जामिनासाठी धावपळ आणि जिल्ह्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा हे सगळं दोघांच्याही वाट्याला येतं. पोलीस भरतीची किंवा सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलाला चारित्र्य पडताळणीच्या वेळी हा गुन्हा किती नडतो, ते गावागावात माहीत आहे.

‘किलोपर्यंत माफ’ ही पहिली थाप

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हा. तो आला कुठून, तर कायद्यातल्या ‘अल्प प्रमाण’ या शब्दातून. गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण मानलं जातं. चरससाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत.

पण अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे. किलोच्या आत गांजा सापडला तरी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं ओढताना सापडला तरी कलम २७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही वजनाची पायरी बाळगणं, विकणं, वाहून नेणं यासाठी आहे. लागवडीच्या पोटकलमात वजनाची पायरीच नाही. म्हणजे खिशात पुडी सापडलेल्या माणसाला कायदा १ वर्षाच्या आत मोजतो आणि ‘विकत घेण्यापेक्षा घरीच लावू’ म्हणून कुंडीत रोप लावणाऱ्याला १० वर्षांपर्यंतच्या कलमात नेतो. घरी लावणं सुरक्षित असं जे व्हिडिओ सुचवतात, त्याच्या बरोबर उलटं चित्र आहे.

भांग, हेम्प आणि परदेशी व्हिडिओ

दुसरा तुकडा भांगेचा. ‘होळीला, महाशिवरात्रीला भांग चालते, उत्तरेत सरकारी ठेके आहेत, मग झाडाला बंदी कशी?’ हा प्रश्न रास्त वाटतो. याचं उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासून बनणारी भांग एनडीपीएसच्या बाहेर राहिली आणि तिचं नियमन राज्यांकडे गेलं. महाराष्ट्रात तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे, मोकळीक नाही. आणि पान व्याख्येबाहेर असलं तरी झाड व्याख्येत आहेच. ‘मी फक्त पानांसाठी लावलं होतं’ हा बचाव लागवडीच्या कलमापुढे टिकणं कठीण.

तिसरा तुकडा हेम्पचा. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, ही बातमी खरी आहे. तिथे नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत असलेलं पीकच चालतं आणि तेही धागा व बियांसाठी. हिमाचल प्रदेशात महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे ऑनलाइन दुकानांत ही उत्पादनं मिळतात. ‘विजया’ नावाने आयुर्वेदिक औषधंही परवान्याखाली बनतात. यातली एकही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला किंवा घरमालकाला रोप लावायची परवानगी देत नाही. उत्पादन दुकानात कायदेशीर आहे म्हणून झाड अंगणात कायदेशीर होत नाही.

चौथा तुकडा परदेशाचा. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला आणि तिथल्या बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडांची मुभा आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडं लावता येतात. ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यांचं मूळ बहुतेक अशा देशांत असतं. आवाज हिंदीत घातला की ते आपल्याकडचेच वाटतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं, ही बातमीही अशीच अर्धी पोहोचली. त्या मतामुळे वैद्यकीय संशोधनाची वाट थोडी रुंद झाली. देशातला कायदा होता तसाच राहिला.

अंबाडी आणि ताग घाबरायची पिकं नाहीत

उलट्या बाजूचा गोंधळही कमी नाही. अंबाडीची भाजी घराघरात होते. तिची काही पानं बोटांसारखी फाटलेली असतात आणि लांबून गांजाच्या पानासारखी दिसतात. इंग्रजीत अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात आणि हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग ‘सन हेम्प’ म्हणून ओळखला जातो. बियाण्याच्या पिशवीवर ‘हेम्प’ वाचून कुणी बिचकतो, तर कुणी बांधावरच्या भांडणात शेजाऱ्याविरुद्ध फोन लावतो.

ही दोन्ही पिकं कॅनॅबिसच्या वंशातली नाहीत. अंबाडी भेंडी-कपाशीच्या कुळातली, ताग शेंगवर्गातला. एनडीपीएस कायद्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. शेतकऱ्याने ती बिनधास्त पेरावीत, ई-पीक पाहणीत नोंदवावीत. नोंद असली की शंकेला जागा राहत नाही.

शेतातलं गणित : नफा कुणाचा, सातबारा कुणाचा

कुंडीची गोष्ट हौसेची असते. शेतातली गोष्ट पैशाची. कापसाचा भाव पडलेला, कांद्याने रडवलेलं, सावकाराचा तगादा. अशा वेळी कुणीतरी येतो. बी देतो, उचल देतो, ‘माल जागेवरून उचलतो’ म्हणतो. कपाशीच्या किंवा तुरीच्या आत चार-सहा ओळी लावायच्या, बाहेरून काही दिसत नाही, असं समजावतो. पीक विकायला बाजार समितीत जायची गरज नाही, हमाली-तोलाई नाही, अडत नाही.

या व्यवहारात कागद नसतो. छापा पडतो तेव्हा शेतात सापडतो तो शेतकरी, सालदार किंवा निम्म्याने करणारा. बी देणारा त्या दिवशी कुठेच नसतो. कायद्याच्या कलम २९ नुसार चिथावणी देणारा आणि कटात सामील असणाराही तितकाच दोषी आहे. पण ते सिद्ध करायला फोनचे तपशील, पैशाचा माग, साक्षीदार लागतात. झाडं मात्र जागेवर उभी असतात. आणि लागवड केलेल्या जमिनीवर झाड सापडलं की कलम ५४ नुसार गृहीतक आरोपीच्या विरोधात जातं. ते खोडून काढायची जबाबदारी त्याच्यावर येते.

वजनाचा मुद्दाही इथे आडवा येतो. पोलीस अनेकदा लागवडीबरोबर गांजा बाळगल्याचं कलमही लावतात. ओली झाडं, खोडं, मुळं, मातीसकट मोजली तर थोड्याशा झाडांतही आकडा २० किलोच्या पुढे जाऊ शकतो. व्यापारी प्रमाण लागलं की शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं आणि दंड किमान १ लाख. शिवाय कलम ३७ ची जामिनाची अट लागते. आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री कोर्टाला पटली तरच जामीन. ही अट पार करता करता वर्षं जातात. तोवर घरातली बाई एकटी शेत बघते, पोरांची शाळा सुटते, सोसायटीचं कर्ज थकतं.

मालकाची गोष्ट वेगळी नाही. नोकरीनिमित्त नाशिक-पुण्यात राहणारे अनेक जण गावची जमीन तोंडी बोलीवर निम्म्याने देतात. त्या जमिनीत काय पेरलं, हे त्यांना दिवाळीला आल्यावर कळतं. कलम २५ नुसार स्वतःच्या जागेचा अशा गुन्ह्यासाठी वापर जाणूनबुजून होऊ देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत बेकायदा गांजा आहे हे कळल्यावर ताबडतोब पोलिसांना किंवा महसूल, उत्पादन शुल्क अशा विभागाच्या अधिकाऱ्याला कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द दोन्हीकडे आहे, म्हणजे खरोखर माहीत नसलेला मालक निर्दोष सुटू शकतो. पण माहीत नव्हतं हे सांगायला हातात काहीतरी लागतं. ज्याच्याकडे बटाईचा लेखी करार आहे आणि हंगामात दोनदा शेतावर चक्कर मारल्याचं दहा लोकांना माहीत आहे, त्याची बाजू तोंडी बोलीवाल्यापेक्षा भक्कम राहते.

वनजमिनीवर लागवड सापडली तर वन कायद्याची भर पडते. सातपुड्यातल्या पाड्यांवर वनहक्काचे दावे करता करता लोकांच्या चपला झिजल्या आहेत. तिथे अशा एका गुन्ह्याने सगळ्या पाड्याकडे संशयाने बघितलं जातं, हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

सरपंच आणि पोलीस पाटलांनाही कलम आहे

गावात फार कमी जणांना माहीत असलेलं कलम म्हणजे ४७. सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावचा कोणताही अधिकारी यांना बेकायदा लागवडीची माहिती मिळाली तर ती ताबडतोब कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर ते स्वतः शिक्षेला पात्र ठरतात. वेगळी शिक्षा लिहिलेली नसेल तिथे कलम ३२ लागतं, म्हणजे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

‘गावातल्या गावात कशाला वैर घ्यायचं’ म्हणून डोळेझाक करणारे सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक या कलमाच्या कक्षेत येतात. आजवर छाप्यांच्या बातम्यांत शेतकऱ्याचं नाव येतं. गावच्या यंत्रणेला माहीत होतं का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा भार गावपातळीच्या माणसांवर टाकायचा असेल तर त्यांना तो समजावूनही सांगायला हवा. सरपंचांच्या प्रशिक्षणात घरकुल, पाणीपुरवठा, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी असतो. एनडीपीएसच्या कलम ४७ साठी त्यात अर्धा तास काढायला हरकत नसावी.

कोर्टांनी कुठे थांबवलं

कायदा कडक आहे म्हणून तपास कसाही चालतो, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश’ या प्रकरणात स्पष्ट केलं की शेतात झाडं सापडली एवढ्यावर लागवड सिद्ध होत नाही. मातीत पडलेल्या बीपासून झाड आपोआपही उगवू शकतं. आरोपीने ते लावलं, वाढवलं, याचा पुरावा हवा. सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची नावं असलेल्या घरांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना गांजाच्या व्याख्येवर बोट ठेवलं. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया गांजात मोडत नाहीत, त्यामुळे जप्त मालात नेमकं काय होतं हे महत्त्वाचं ठरतं. कलम ५२ अ नुसार जप्त मालाची यादी, नमुने आणि प्रमाणीकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर व्हावं लागतं. अशा त्रुटींवर खटले कोसळतात.

पण ही दारं उघडतात ती बहुतेक वेळा खटल्याच्या शेवटी किंवा उच्च न्यायालयात. तिथवर पोहोचायला वकील आणि पैसा लागतो. ज्याला वकील परवडत नाही त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. अटकेनंतर नातेवाइकांनी पहिली धाव तिथे घेतली तर बराच वेळ वाचतो.

मागणी करायचीच तर कुणाकडे

गांजाचं झाड या मुलखाला नवं नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची गरज नाही, नियंत्रण ठेवावं, असा निष्कर्ष काढला. खानदेशाला लागून असलेल्या निमाडात, खंडव्याकडे, त्या काळी परवान्याने गांजाची शेती होत असे. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांत परवान्याची दुकानं होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची बांधिलकी आली आणि १९८५ च्या कायद्याने चित्र बदललं.

त्याच १९८५ च्या कायद्यात दोन खिडक्या मात्र ठेवल्या आहेत. कलम १० नुसार राज्य सरकार परवान्याने लागवडीचं नियमन करू शकतं. कलम १४ नुसार फक्त धागा, बिया किंवा बागायती कारणासाठी सरकार आदेश काढून लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंड याच खिडकीतून गेलं.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांवर गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रशासनाने तो अर्ज पोलिसांकडे पाठवला, पोलिसांनी प्रसिद्धीसाठीचा खटाटोप म्हणून त्याकडे बघितलं. अर्जात स्टंट असेल-नसेल, पण त्यातला प्रश्न खरा होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात अशी परवानगी देणं नाही, तो धोरणाचा विषय आहे. तो विचारायचा तर आमदारांना, कृषिमंत्र्यांना, विधिमंडळात.

तिथे उत्तर काय मिळेल, हे आज सांगणं कठीण नाही. राज्य सरकारचा कल सध्या कडक कारवाईकडे आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे संघटित गुन्हे मकोकाच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने मंजूर केली. औद्योगिक भांगेचं पीकही वाटतं तितकं सोपं नाही. टीएचसी मर्यादेत ठेवणारं बियाणं हवं, प्रत्येक प्लॉटची प्रयोगशाळेत तपासणी हवी, मर्यादा ओलांडली तर पीक नष्ट करायची तयारी हवी आणि धागा घेणारा कारखाना जवळ हवा. खरेदीदाराशिवाय आलेली सफेद मुसळी, इमू आणि स्टीव्हियाची हवा शेतकऱ्यांनी बघितली आहे. हेम्पच्या नावाने ‘करार शेती’चं पत्रक घेऊन कुणी गावात आला, तर पहिला प्रश्न एकच विचारावा : राज्य सरकारचा परवाना कुठे आहे? त्याचं उत्तर कागदावर नसेल तर पुढचं बोलणं थांबवलेलं बरं.

आणि तब्येतीचं काय

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. त्यातले सुमारे १ कोटी ३० लाख गांजा-चरस घेणारे. म्हणजे हा प्रश्न दोन-चार बिघडलेल्या पोरांचा राहिलेला नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे बोलणंही अर्धसत्य. कमी वयात आणि रोजच्या रोज ओढणाऱ्यांत संशय येणं, भास होणं, अभ्यास-कामातून मन उडणं असे त्रास दिसतात आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर धोका वाढतो.

ज्या घरात असा मुलगा आहे, त्या घराला पोलीस ठाण्याआधी दवाखान्याची वाट माहीत हवी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कायद्यानेही वाट दिली आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्याला कलम ६४ अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. ते लागवडीला मिळत नाही. म्हणजे व्यसनात अडकलेल्या पोराने पुडीऐवजी कुंडी धरली, तर कायद्याने त्याच्यासाठी ठेवलेली ही वाटही बंद होते.

बांधावर झाड दिसलं तर

पेरलं नसताना एखादं झाड उगवलेलं दिसू शकतं. उकिरड्यावर, ओढ्याकाठी, भाड्याने दिलेल्या शेतात. तेव्हा गुपचूप उपटून जाळण्यापेक्षा किंवा ‘बघू’ म्हणून ठेवण्यापेक्षा पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घेणं शहाणपणाचं. अमली पदार्थांबाबत माहिती देण्यासाठी १९३३ हा ‘मानस’ मदत क्रमांकही आहे. पहिली माहिती मालकाने दिली, हा कागद पुढे त्याच्याच कामी येतो.

कायदा बदलावा की नाही, यावर दोन मतं असू शकतात आणि ती मांडायला कुणाची हरकत नाही. पण तो बदलेपर्यंत एका रोपासाठीही १० वर्षांपर्यंतचं कलम आहे. उचल देणारा, बी देणारा, व्हिडिओ टाकणारा यांच्यापैकी कुणाचंही नाव सातबाऱ्यावर नाही. ते ज्याचं आहे, त्याने विचार करून हात घालावा.